विमान कंपनीत 'कल्चर' म्हणजे खालच्या माणसाला नेमकं काय दिसतं?

सई_कोथरूड:

नमस्कार. एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा वर्गात अमेरिकेच्या साउथवेस्ट एअरलाइन्सची केस झाली. १९७३ ते २०१९ सलग ४७ वर्षं नफा, तिकडच्या विमानधंद्यात असं दुसरं उदाहरण नाही. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: कर्मचारी आधी, प्रवासी नंतर, भागधारक शेवटी. हा क्रम संस्थापक हर्ब केलेहर यांचा. मग तासभर त्यांचे किस्से. १९९२ मध्ये एका घोषवाक्यावरून दुसऱ्या कंपनीशी वाद झाला तेव्हा कोर्टात न जाता दोन्ही साहेबांनी डॅलसमध्ये लोकांसमोर पंजा लढवला, वगैरे. वर्ग एकदम खूश.

माझी अडचण अशी की साहेबाने पंजा लढवला म्हणून विमान वेळेवर कसं सुटतं, हे मला काही कळलं नाही. बाबांचं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पगार सात तारखेला झाला की कल्चर आपोआप येतं." आणि पेपर वाचायला लागले.

प्रोजेक्टला हाच विषय घेतलाय. कल्चर आणि साहेबाचं वागणं यांचा पैशाशी सांधा नेमका कुठे जुळतो, हे विमानतळावर किंवा विमान कंपनीत काम केलेलं कुणी सांगेल का? पुस्तकी उत्तरं माझ्याकडे ढीगभर आहेत.

आकडेमोड:

बाबांना माझा साष्टांग नमस्कार सांगा.

कल्चर हे नफा झाल्यावर चिकटवायचं लेबल आहे. साउथवेस्टचा हिशोब सरळ आहे. सगळी विमानं एकाच जातीची, बोइंग ७३७. म्हणजे कुठलाही पायलट कुठल्याही विमानावर बसवा, सुट्या भागांचा साठा एकच, मेकॅनिकचं ट्रेनिंग एकच. छोटी उड्डाणं, जेवण नाही. डॅलस शहराला चिकटून असलेला लव्ह फील्ड विमानतळ जवळजवळ एकट्याच्या ताब्यात. १९७९ च्या राइट दुरुस्तीने तिथून टेक्सास आणि शेजारची चार राज्यं एवढंच उडता यायचं, त्यामुळे बड्या कंपन्यांना तिथे रस उरला नाही. जी बेडी म्हणून घातली तिचीच तटबंदी झाली. शिवाय २००८ मध्ये कच्चं तेल १४७ डॉलरला टेकलं तेव्हा यांनी बरंचसं इंधन आधीच स्वस्तात बांधून ठेवलेलं होतं. यात पंजा कुठे आला?

आणि करिष्माई नेतृत्वच म्हणायचं तर आपल्याकडे किंगफिशर होतीच की. मल्ल्यांच्या इतका करिष्मा कुणाकडे होता? पगार महिनोन् महिने थकले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये विमानं उडायची थांबली.

ट्रिमशीट:

सई, अगं-तुगं केलेलं चालेल ना? माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे.

माझी नोकरीची सगळी वर्षं मुंबई विमानतळावर गेली. आधी रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवर, नंतर लोड कंट्रोलला, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशोब ठेवायला. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून कामावर आहेत. तुझे सर आणि आकडेमोड दोघंही विमान वरच्या अंगाने बघतायत, मी खालच्या अंगाने सांगतो.

आधी आकडेमोड यांना एकच विचारतो. एका जातीची विमानं, छोटी उड्डाणं, जेवण नाही, हे गुपित होतं कधी? मोठ्या कंपन्यांनी तशाच स्वस्त शाखा काढल्या: कॉन्टिनेंटलने 'कॉन्टिनेंटल लाइट' काढली, युनायटेडने 'शटल', यूएस एअरवेजने 'मेट्रोजेट', डेल्टाने 'साँग'. सगळ्यांनी साउथवेस्टवर नजर ठेवूनच काढल्या आणि सगळ्या काही वर्षांत गुंडाळल्या. विमानं विकत घेता आली, फिरवता आली नाहीत.

फिरवणं म्हणजे टर्नअराउंड. विमान येऊन उभं राहतं, चाकांना चॉक म्हणजे अडकण लागतात, तिथपासून पुशबॅकपर्यंतचा, म्हणजे विमान मागे ढकलून निघेपर्यंतचा वेळ. प्रवासी एका दारातून उतरत असतात तेव्हा पोटातून सामान निघत असतं, दुसरीकडे इंधनाची गाडी, केटरिंगची उचलगाडी, पाण्याची, शौचालय उपसायची, आत सफाईवाले. वर गेटवर कुणीतरी व्हीलचेअरची वाट बघतंय. आणि एका कोपऱ्यात माझ्यासारखा एक जण, पुढच्या कप्प्यात किती किलो, मागच्या कप्प्यात किती, तोल कुठे येतो याचा कागद करतोय, कारण त्यावर कॅप्टनची सही झाल्याशिवाय दार लागत नाही. सात-आठ खाती, त्यातली निम्मी कंत्राटी, प्रत्येकाचा साहेब वेगळा.

उशीर झाला की त्याला कोड लागतो. जगभर हे दोन आकडी कोड एकच आहेत. ३२ म्हणजे सामान चढवण्या-उतरवण्यात उशीर, ३६ इंधन, ३७ केटरिंग, १५ म्हणजे बोर्डिंगचा घोळ, ९३ म्हणजे विमान मागूनच उशिरा आलं. ९३ लागला की सगळे सुटले. बाकी कुठलाही कोड म्हणजे कुणाच्या तरी नावावर.

तुझं कल्चर इथे राहतं बघ, या दोन आकड्यांत.

आमच्याकडे सकाळी डिले मीटिंग व्हायची. त्यात विमान का अडकलं हे कुणी सांगायचंच नाही, आपल्यामुळे अडकलं नाही एवढंच सांगायचं. प्रत्येक खात्याची स्वतःची वही. आमची गाडी १८:४२ ला लागली, तुमचा माणूस सही करायला १८:५१ ला आला. मीही ठेवायचो वही, आणि चोख ठेवायचो. याचा परिणाम काय? समज, लोडरला दिसलं की मागच्या कप्प्याची जाळी फाटलीये आणि सामान पुढे हलवावं लागेल. त्याने तेव्हाच ओरडून सांगितलं तर मी कागद बदलतो, चार मिनिटांचं काम. पण सांगितलं तर ३२ त्याच्या बोकांडी. मग तो बघतो की इंधनवाला अजून अडकलाय का. अडकला असेल तर गप्प बसतो, म्हणजे ३६ लागेल. इंधनवालाही तेच करत असतो. सगळे एकमेकांची वाट बघत उभे आणि वर दीडशे-पावणेदोनशे माणसं पट्टे बांधून घामाघूम. यात कुणीही कामचुकार नव्हता, हे लक्षात घे. पगारही वेळेवर होत होता, हे तुझ्या बाबांना सांग.

साउथवेस्टने काय केलं तर 'टीम डिले' नावाचा कोड ठेवला. गेट, रॅम्प, पायलट यांच्यातल्या ताळमेळात विमान अडकलं तर उशीर सगळ्यांचा मिळून. त्याच काळात रॉबर्ट क्रँडल यांच्या अमेरिकन एअरलाइन्समध्ये प्रत्येक उशिराचा माग काढून तो एका खात्याच्या पदरात घातला जायचा. नव्वदच्या दशकात संशोधकांनी दोन्हीकडच्या गेटवर उभं राहून हा फरक नोंदवलाय, तुझ्या कॉलेजच्या लायब्ररीत सापडेल. क्रँडल काही सामान्य माणूस नव्हते, धंदा त्यांना पुरता कळायचा. पण साहेब रोज सकाळी "कुणाचा?" असं विचारायला लागला की खालचा माणूस वही ठेवतो आणि "काय झालं?" विचारलं की तोंड उघडतो. एवढंच नेतृत्व मी जवळून पाहिलंय.

आता पैसा. विमान जमिनीवर कमावत नाही. दिवसाला सहा फेऱ्या करणारं विमान मधल्या वेळात पाचदा फिरवावं लागतं. दर वेळी पंधरा मिनिटं वाचली तर ७५ मिनिटं झाली, म्हणजे जवळजवळ एक मुंबई-अहमदाबाद. त्याच विमानात, त्याच कर्जहप्त्यात एक जादा फेरी. पन्नास विमानांचा ताफा असेल तर तूच गुणाकार कर. स्वस्त तिकीट याच्यातून निघतं.

आणि हे केलेहर यांच्या डोक्यातून पोस्टरसारखं उगवलं नाही. कंपनी उडायला लागली जून १९७१ मध्ये, त्याआधी तीन-चार वर्षं ब्रॅनिफसारख्या कंपन्यांनी कोर्टात अडवून धरलेली. केलेहर तिचे वकील. पैसे संपले तेव्हा म्हणाले, फी नको, खर्चही मी करतो, पण लढायचं. १९७२ मध्ये रोकड इतकी आटली की चारपैकी एक विमान विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचंच ठेवलं. ते तीन विमानांत बसवायचं तर दहा मिनिटांत विमान फिरवायला हवं. बिल फ्रँकलिन म्हणून जमिनीवरच्या कामाचे प्रमुख होते, त्यांनी ते बसवून दाखवलं. हाताला येईल ते काम प्रत्येकाने केलं, कारण नाही केलं तर उद्या कंपनी नाही. म्हणजे मूळ भुकेत आहे, प्रेमात नाही.

पण भूक सगळ्यांनाच लागते. पुढचं महत्त्वाचं. १९७३ मध्ये नफा झाला आणि लगोलग कामगारांना नफ्यात वाटा सुरू केला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पायलटांशी दहा वर्षांचा करार झाला, त्यात पहिली पाच वर्षं पगारवाढ नाही, त्याबदल्यात शेअर. केलेहर यांनी स्वतःचाही मूळ पगार गोठवून घेतला. ११ सप्टेंबर २००१ नंतर बाकीच्यांनी हजारोंनी माणसं काढली. साउथवेस्टने एकही काढला नाही आणि त्याच आठवड्यात नफ्याच्या वाट्याचे सुमारे १८ कोटी डॉलर ठरल्याप्रमाणे भरले. आणि ही कंपनी युनियनवाली आहे हां, बहुतेक सगळे कामगार युनियनमध्ये. आपल्याकडचे काही साहेब 'फॅमिली, फॅमिली' करतात आणि युनियनचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात, त्यांनी हे वाचावं.

१९९४ मध्ये कामगारांनी वर्गणी काढून पेपरात पानभर जाहिरात देऊन केलेहर यांचे आभार मानले. आभाराच्या यादीत एक ओळ अशी होती की थँक्सगिव्हिंगच्या सणाला तुम्ही सामान चढवायला आलात. हे वाचून मला हसू आलं होतं. आमच्याकडे दिवाळीत एक मोठे साहेब मिठाईचे पुडे घेऊन रॅम्पवर आले. बूट पॉलिश केलेले, मागे फोटोवाला. एका लोडरने त्यांना विचारलं, "साहेब, रेनकोट कधी येणार?" मिठाई चांगली होती.

अनघा_आकाशवेडी:

ट्रिमशीट काका, ते ३२ आणि ३६ वाचून पोट धरून हसले. मी केबिन क्रूमध्ये होते, आता नाही. दारात उभं राहून प्रवाशांना "ऑपरेशनल कारणामुळे" असं सांगायचं काम आमच्याकडे.

सई, बाबांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. आमच्या बेसला एक मॅनेजर होत्या. पहाटेच्या फ्लाइटला क्रू रिपोर्ट करतो त्या वेळी त्या आठवड्यातून एखाद्या दिवशी तरी स्वतः हजर असायच्या. तपासायला नव्हे, नुसत्या चहा घेऊन बसायच्या. कुणी फोन करून "मी थकलेय, मला आज उडवू नका" म्हटलं तर सर्टिफिकेट मागायच्या नाहीत. बाहेरच्याला वाटेल की मग सगळ्या मुली रोज थकतील. उलट व्हायचं. पावसाळ्यात मुंबई तुंबली, अर्धा क्रू लोकलमध्ये अडकला की त्या स्वतः फोन लावायच्या आणि सुट्टीवरच्या मुली गाडी मिळेल तशा यायच्या. मग त्यांची बदली झाली. नवे आले ते प्रत्येक आजारपणाला कारणे दाखवा नोटीस द्यायचे. पगार तोच, मुली त्याच, पाऊस तोच. स्टँडबायचे, म्हणजे राखीव मुलींचे फोन मात्र लागेनासे झाले. कुणाचा चार्जर हरवला, कुणाची आजी आजारी. फ्लाइट रद्द झाल्या त्याचा खर्च कुठल्या खात्यात लिहिला कोण जाणे, 'नव्या मॅनेजरचा स्वभाव' असं खातं तर नव्हतं.

आणखी एक प्रोजेक्टसाठी: ऑक्टोबर २००८ चं जेट एअरवेज प्रकरण बघ. जवळपास ८०० जणांना एका फटक्यात घरी बसवलं, एकूण आकडा १९०० पर्यंत जाणार होता. गणवेशातली मुलं-मुली रस्त्यावर आली, काही जण राज ठाकरेंकडे गेले, त्यांनी मुंबईतून जेटची विमानं उडू देणार नाही असा दम भरला, आणि दुसऱ्याच रात्री जेटचे मालक नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत बोलावलं. मी दुसऱ्या कंपनीत होते, पण आमच्याही गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, महिनाभर तोच विषय. बाहेरच्यांना शेवट गोड वाटला. आम्हाला एवढंच कळलं की साहेबाचा निर्णय रात्रीत इकडचा तिकडे होतो. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पायलटांनी संघटना केली म्हणून दोघांना काढलं आणि बाकीचे सामूहिक आजारी पडले. पाचेक दिवस उड्डाणांचा बोजवारा उडाला होता.

आकडेमोड:

बरं. काकांचं पंधरा मिनिटांचं गणित मान्य, कारण ते गणित आहे. कॉन्टिनेंटल लाइट आणि साँगचा मुद्दाही घेतो.

पण मग डिसेंबर २०२२? नाताळच्या वादळात साउथवेस्टची १६,७०० च्या वर उड्डाणं रद्द, वीस लाखांवर प्रवासी अडकले. वादळ सगळ्यांनाच होतं, बाकीच्या कंपन्या दोन-तीन दिवसांत सावरल्या. हे थोर कल्चर तेव्हा कुठे होतं?

ट्रिमशीट:

चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर तुमच्या बाजूचं निघालं तरी देतो.

माणसं तिथेच होती. घोळ असा झाला की विमान इथे, पायलट तिथे, हवाई सुंदरी तिसरीकडे, आणि कोण कुठे आहे हे कंपनीलाच कळेना. क्रू लावणारं सॉफ्टवेअर एवढ्या रद्द फेऱ्यांचा मेळ घालू शकलं नाही. मग माणसांनी फोन करून सांगायचं, मी अमुक गावच्या हॉटेलात आहे, मला काम द्या. काही जण तासन् तास फोन धरून. कामाला तयार असलेला माणूस कामाला लागत नाही, यापेक्षा वाईट काय? पायलटांची युनियन या यंत्रणेबद्दल कैक वर्षं ओरडत होती. सरकारने पुढच्या वर्षी १४ कोटी डॉलरचा दंड लावला.

माझं मत विचाराल तर इथे चांगलं कल्चरच नडलं. माणसं एवढी जीव लावून काम करणारी की दर वेळी कसंतरी निभावून नेणार. वरच्याला वाटतं यंत्रणा चाललीये. यंत्रणा चाललेली नसते, माणसं ती ओढत असतात. मग सॉफ्टवेअरचा खर्च पुढच्या वर्षावर, मग त्याच्या पुढच्या. आमच्याकडे एक बेल्ट लोडर, म्हणजे सामान वर चढवायचा फिरता पट्टा होता, लाथ घातल्याशिवाय सुरू व्हायचा नाही. कुठे लाथ घालायची हे एकाच माणसाला माहीत होतं. तो चांगला कामगार म्हणून बेल्ट लोडर बदलला नाही. तो रजेवर गेला त्या दिवशी काय झालं ते सांगत नाही.

केलेहर २०१९ च्या जानेवारीत गेले. त्यांची जुनी सेक्रेटरी कॉलीन बॅरेट, वकिलीच्या ऑफिसपासून त्यांच्यासोबत होत्या, त्या पुढे कंपनीच्या अध्यक्ष झाल्या होत्या २००१ मध्ये. टायपिंगपासून वर गेलेल्या बाईंना खालचं ऐकू येतं. नंतर ते ऐकू येणं कमी झालं असावं, असा माझा अंदाज. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत साउथवेस्टने ऑफिसातल्या १,७५० जागा कापल्या. एवढी मोठी कपात त्यांच्या इतिहासात पहिलीच. बॅगांना पैसे घ्यायलाही त्याच वर्षी सुरुवात झाली. एक मोठा गुंतवणूकदार मागे लागला होता. फळ्यावरचा तो क्रम आता उलटा वाचायचा का, हे सरांना विचार, सई.

सई_कोथरूड:

काका, अनघाताई, खूप आभार. आकडेमोड, तुमचेही (बाबा खूश आहेत). सरांना विचारते, पण मार्क गेले तर तुमच्यावर.

एक शंका. मग इंडिगोचं डिसेंबर २०२५ त्याच जातीचं का? इंडिगो तर वेळेच्या बाबतीत एकदम कडक. जिन्याऐवजी उतार लावतात, लोक पटापट चढतात. तरी हजारो उड्डाणं रद्द झाली.

ट्रिमशीट:

जात वेगळी, नातेवाईक म्हण. तो उतार मात्र मला मनापासून आवडतो. व्हीलचेअरसाठी वेगळी उचलगाडी बोलवावी लागत नाही, म्हातारी माणसं न घाबरता चढतात आणि पायरीवर कुणी बॅग घेऊन अडकत नाही. ज्याने तो ठरवला तो माणूस नक्की खाली उभा राहिलेला असणार.

डिसेंबरचं म्हणशील तर पायलटांच्या विश्रांतीचे नियम बदलले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा. नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले होते, शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. म्हणजे दीड वर्षाच्या वर हाताशी होतं. माणसं नेमकी लागतील तेवढीच ठेवून वेळापत्रक ताणलेलं असलं की एरवी ती हुशारी दिसते. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली, नियमांना तात्पुरती सूट द्यावी लागली, आणि सरकारने वेळापत्रक दहा टक्के कापायला लावलं. आतल्या बैठकीत कोण काय बोललं मला ठाऊक नाही, त्यामुळे कल्चरवर खापर फोडत नाही. पण क्रू रोस्टर, म्हणजे कुणाची ड्यूटी कधी याचा तक्ता करणाऱ्या एखाद्या पोराला उन्हाळ्यातच दिसलं असणार की हे जुळत नाही. त्याने वर सांगितलं का, आणि सांगितल्यावर त्याच्याकडे कुणी कसं बघितलं, हे शोधता आलं तर तुझा प्रोजेक्ट झाला.

ते नाही मिळालं तर सोपं काम सांगतो. पुणे विमानतळावर काचेशी बस आणि एकाच गेटवरची विमानं बघ. चॉक लागल्यापासून दार लागेपर्यंतची वेळ लिही. आणि मुख्य म्हणजे, काही अडलं की खालची माणसं एकमेकांकडे चालत जातात की आपापल्या फोनवर बोलतात, ते लिही. कंपनीनुसार फरक दिसेल. पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा आहे, फोटो काढू नकोस, उगाच चौकशी लागेल.

अनघा_आकाशवेडी:

आणि काका, तो रेनकोट आला का शेवटी?

ट्रिमशीट:

आला. ऑक्टोबरमध्ये.